मदत हवी आहे: डेड बाय डेलाइटमध्ये टिकायचं कसं? (घरामागे माग चालू असतात, काही ऐकू येत नाही)

टॉवेल_नंबर_एक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, पूर्व भागातला. दिवाळीत पुण्याच्या मावसभावानं लॅपटॉपवर 'डेड बाय डेलाइट' हा भीतीचा गेम टाकून दिला आणि स्वतः निघून गेला. तेव्हापासून रोज मरतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चार जण सर्व्हायव्हर, एक जण किलर. मैदानात ७ जनरेटर, त्यातले ५ दुरुस्त केले की बाहेरच्या दारांना वीज येते. किलर पकडून हुकवर टांगतो. तिसऱ्यांदा टांगलं की संपलं.

खेळ सुरू झाला की मी सगळ्यात आधी जवळचं लॉकर गाठतो आणि आत श्वास रोखून बसतो. खरा श्वास, माझा स्वतःचा. गड्ड्याच्या जत्रेतल्या भूतबंगल्यात कधी घाबरलो नाही, पण इथं हाताला घाम सुटतो. तरीही किलर येतो, दार उघडतो, खांद्यावर टाकतो. त्याला कळतं कसं?

दुसरी अडचण घरची. आमच्या भिंतीला लागून टॉवेलचे माग आहेत, दिवसभर खटाक-खटाक. किलर जवळ आला की हृदयाचे ठोके वाजतात म्हणे. मला मागाचेच ठोके ऐकू येतात.

नवख्या माणसानं कुठून सुरुवात करावी? 'सरावानं येईल' एवढंच कृपया सांगू नका, ते भावानं फोनवर सांगून झालंय.

कडकभाकरी

लॉकरमध्ये जाताना भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन जात जा बे. वेळ बरा जाईल.

राज्य_माझ्यावर

वरच्याकडे लक्ष देऊ नकोस. तुझी चूक एकच आहे: तू ह्याला लपाछपी समजतोयस. हा डबा ऐसपैस आहे.

लहानपणी खेळला असशील. शेवटपर्यंत पाण्याच्या टाकीमागं बसून राहणाऱ्याला कुणी शाबासकी देत नव्हतं. बाकीचे सगळे सापडलेले असताना जो मागून येऊन डबा उडवायचा, तो खरा. इथंही तसंच आहे. तू लॉकरमध्ये बसलास म्हणजे जनरेटर तिघांवर आले. एकट्यानं एक जनरेटर करायला ९० सेकंद लागतात. त्या तिघांतला एक किलरपुढं पळतोय, दुसरा हुकवर आहे, तिसरा त्याला सोडवायला निघालाय. मग काम करतंय कोण? कुणीच नाही. शेवटी किलर निवांत तुझ्याकडे येतो.

शिवाय फार वेळ काहीच न करता बसलास तर डोक्यावर कावळे घिरट्या घालून ओरडायला लागतात. खेळ बनवणाऱ्यांनी तशी सोयच करून ठेवलीय.

तेव्हा लपायचं ते कामापुरतं. किलर दुसऱ्याच्या मागं आहे म्हटलं की ताबडतोब जनरेटरवर बस. आणि बसायची बाजू निवडून बस, जिथून त्याच्या येण्याची वाट दिसेल अशी. आपल्याला कॅमेरा पाठीमागून मिळतो, कोपऱ्याआड उभं राहून पलीकडचं बघता येतं. किलरला फक्त स्वतःच्या डोळ्यांपुढचं दिसतं. नवी पोरं हा फायदा वापरतच नाहीत. जनरेटर करताना कॅमेरा फिरवत राहा.

रात्रपाळी

मी बहुतेक किलरच खेळते, म्हणून पलीकडून सांगते. 'त्याला कळतं कसं' ह्याचं उत्तर: तूच सांगतोस.

तू पळालास की जमिनीवर, भिंतींवर लाल ओरखडे उमटतात आणि काही सेकंद राहतात. तुला स्वतःला ते दिसत नाहीत, मला लख्ख दिसतात. तू पळत पळत लॉकरपाशी जातोस, ओरखडे लॉकरपाशी संपतात, आता मी काय समजायचं? चाललास किंवा वाकून गेलास तर ओरखडे उमटत नाहीत.

पळत येऊन लॉकरचं दार धाडकन उघडलंस, खिडकीतून जोरात उडी मारलीस, की मला आवाजाची खूण येते. तेच काम सावकाश केलंस तर येत नाही. जनरेटरवर मधेच जी सुई फिरते ती चुकवलीस तर स्फोट होतो, केलेलं काम थोडं वाया जातं आणि मला जागा कळते. जमिनीवर बसलेले कावळे उडाले तरी मी मान वळवते. जखमी झालास तर कण्हत असतोस आणि रक्त सांडत जातोस. ज्या जखमी माणसाला मी गवतात शोधत असते तो बहुतेक वेळा मला दिसण्याआधी ऐकू येतो. म्हणून आधी दूर जा, मग कुणाकडून तरी बरा हो.

एक युक्ती सांगते, माझ्याच विरोधात. दहा पावलं पळत जा, भिंतीआड गेलास की चालायला लाग आणि दिशा बदल. मी ओरखड्यांच्या मागं सरळ जाते. निदान पहिल्यांदा तरी.

टॉवेल_नंबर_एक

ताई, हे वाचून लाज वाटली. मी लॉकरकडे नेहमी पळतच जातो, आणि तेही एकाच लॉकरकडे.

पण समोरासमोर दिसलोच तर? तेव्हा पळायचंच ना?

राज्य_माझ्यावर

पळायचं, पण सरळ नाही. आपला वेग सेकंदाला ४ मीटर, बहुतेक किलरांचा ४.६. म्हणजे तू १२ मीटर पुढं असलास तरी मोकळ्या मैदानात २० सेकंदांत हातात सापडशील. मोकळ्यावर पळण्यात काही अर्थ नाही. पॅलेट (उभ्या लाकडी फळ्या, पाडल्या की वाट अडते) आणि खिडक्या असलेल्या जागेकडे पळ, त्यांच्याभोवती फेऱ्या मार. किलरच्या पुढं जमिनीवर तांबडा उजेड पडतो, तो कुठल्या बाजूनं येतोय ते बघून उलट वळ. पॅलेट लगेच पाडू नकोस, किलर आडवा आला की पाड.

आणि पळताना मित्र काम करत असलेल्या जनरेटरवरून जाऊ नकोस. एवढं पाळलंस तरी लोक तुला शिव्या घालायचे थांबतील.

जुळे_सोलापूरकर

माझं मत जरा वेगळं. नवख्यानं पहिले पंधरा-वीस सामने वाकूनच खेळावं. नकाशा तरी डोक्यात बसतो.

रात्रपाळी

नाही हो. वाकून चालण्याचा वेग सेकंदाला जेमतेम १.१ मीटर. मैदानाच्या ह्या टोकाकडून त्या टोकाला जाईपर्यंत बाकीचे तिघं टांगलेले असतात. ठोके ऐकू येत नसतील तेव्हा सरळ पळा, ऐकू यायला लागले की चाला, अगदी जवळ आले की वाका. नकाशाच डोक्यात बसवायचा असेल तर कस्टम (स्वतः मांडलेल्या खासगी) सामन्यात बॉट, म्हणजे कॉम्प्युटरनं चालवलेले खेळाडू, घेऊन एकटं फिरा, तिथं कुणाचं नुकसान होत नाही.

जुळे_सोलापूरकर

बॉटचं पटलं. वाकण्याचं अर्धंच पटलं.

कडकभाकरी

आता खरंच मदत करतो. ठोक्यांचा प्रश्न कुणी घेतलाच नाही. बहुतेक किलरांच्या बाबतीत साधारण ३२ मीटरच्या आत आलास की ठोके सुरू होतात आणि जवळ येईल तसे वाढतात. ते ऐकू येत नसतील तर अर्धा खेळ आंधळाच. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या भागात जा, ठोके डोळ्यांना दाखवायचा पर्याय आहे. तो चालू केलास की स्क्रीनवर हृदयाचं चिन्ह धडधडताना दिसतं. मग भिंतीमागं माग चालू दे नाहीतर लग्नाची वरात जाऊ दे.

तरी कान पूर्ण झाकणारे हेडफोन घेच. पावलं आणि कण्हणं त्या चिन्हात येत नाही. मी स्वतः मागवाल्याच्या घरातला आहे, रात्री माग थांबल्यावरच खेळायचो. आईला वाटायचं पोरगं अभ्यास करतंय.

आणि ठोके नाहीत म्हणजे किलर नाही, असं समजू नको. रेथ नावाचा किलर अदृश्य होऊन फिरतो तेव्हा ठोके वाजतच नाहीत. फक्त हवा हलल्यासारखी दिसते, आणि प्रकट होताना घंटा वाजते. घोस्टफेस हा दुसरा किलरही असाच गुपचूप येतो.

मोबाईलवाला_सोलापूर

हे सगळं बीजीएमआयला (मोबाईलवरच्या बंदुकांच्या गेमला) चालेल का? मी घरात लपून बसतो आणि शेवटच्या दहात मरतो.

राज्य_माझ्यावर

थोडंफार. पावलांचा आवाज तिथंही घात करतो, घरात वाकून चाल. पण तिथं वर्तुळ आकसत जातं, एका घरात बसून राहता येतच नाही. वेगळा धागा काढ, इथं खिचडी होईल.

टॉवेल_नंबर_एक

बारा दिवसांनी लिहितोय.

चिन्हाचा पर्याय सापडला, लई फरक पडला. लॉकर सोडलं. पहिल्या दिवशी तर नुसतं चालूनच किलर दोनदा शेजारून गेला, माझा स्वतःवर विश्वास बसेना. पॅलेट अजून घाबरून लगेच पाडतो, ते चाललंय.

काल दुपारी मोठी गंमत झाली. पाचही जनरेटर झाले, त्यातले दोन माझे. तिसऱ्या गड्याला हुकवरून मीच काढलं, अगदी डबा उडवल्यासारखं. दोघं बाहेर पडले. मी दुसऱ्या दाराशी पोचलो. दार उघडायला २० सेकंद लागतात, तळहाताला घाम. लाल दिवे लागत होते, हृदयाचं चिन्ह मोठं होत होतं, जेमतेम दोन-तीन सेकंद उरले असतील.

आणि लाइट गेली. लॅपटॉप चालू, राउटर बंद.

माग पण थांबले. बारा दिवसांत पहिल्यांदा घरात इतकी शांतता होती की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मी हेडफोन घालून 'कनेक्शन तुटले'च्या पाटीकडे बघत बसलो.

रात्रपाळी

सामना सोडला की तुझ्या जागी बॉट येतो. तो बहुतेक दारातून बाहेर पडला असेल.

कडकभाकरी

राउटरला छोटा यूपीएस घे बे. आणि रविवारी रात्री दहाला ये, चौथा गडी कमी आहे आमच्यात.