रिमोटवरच्या शिडाच्या बोटींची एक दिवसाची शर्यत : तलाव, बोटी आणि नियम यांबाबत सल्ला हवा आहे

सातारकर

नमस्कार मंडळी. साताऱ्यात आम्ही आठ जण रिमोटवर चालणाऱ्या शिडाच्या बोटी बाळगून आहोत. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो की या बोटीला इंजिन नसते. रिमोटच्या एका दांडीने सुकाणू वळते, दुसरीने शिडांची दोरी सैल किंवा घट्ट होते आणि बाकीचे सारे काम वारा करतो. आजवर सुटीच्या दिवशी दोघा-तिघांनी मिळून हौस भागवली, पण येत्या हिवाळ्यात एक पूर्ण दिवस रीतसर शर्यती घ्याव्यात, गुण मांडावेत आणि सांगली-कोल्हापूरकडच्या हौशी मंडळींनाही बोलवावे असे आम्ही ठरवले आहे.

जागेबद्दल आमच्यात तीन मते आहेत : कास तलाव, महाबळेश्वरचा वेण्णा लेक आणि कण्हेर धरणाचा जलाशय. बोटींपैकी पाच डीएफ६५ या लहान प्रकारच्या आहेत, एक त्याहून मोठी डीएफ९५ आणि दोन एक मीटर लांबीच्या. त्या एकत्र सोडाव्यात का, आणि पंचाचा अनुभव कोणालाच नसताना वाद कसे मिटवावेत, हेही कृपया सांगावे.

खटावकर

कास तलावाला माझा स्पष्ट विरोध आहे. ते पाणी सातारा शहर पिते, आणि ते पठार २०१२ पासून जागतिक वारशाचा भाग असल्याने तिथे आणखी एक गर्दी नेण्याचे आपल्याला काही कारण नाही. वेण्णा लेकवर दिवसभर पर्यटकांच्या होड्या फिरत असतात. शिवाय काठावर झाडी आहे, आणि दहा मीटर उंचीच्या झाडांमागे निदान शंभर मीटरपर्यंत वारा तुटक व फिरता येतो. आपल्या बोटींची संपूर्ण शर्यत त्याच शंभर मीटरांत होते, हे ध्यानात घ्यावे. कण्हेरला भिंतीच्या परिसरात परवानगीचा प्रश्न येईल, आणि इतर काठांवर पाणी उतरले की गुडघाभर चिखलातून बोट सोडावी लागेल.

माझे मत विचाराल तर सह्याद्री सोडून पूर्वेला या. खटाव-माणच्या उघड्या माळावरचे तलाव दिसायला साधे आहेत, पण तिथे वाऱ्याला अडवणारे काही नाही. परतीच्या पावसानंतर ते भरलेले असतात, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ धरावा. त्या दिवसांत वारा साधारण पूर्व-ईशान्येकडून येतो. सकाळी पाणी आरशासारखे स्थिर असते आणि ऊन चढल्यावर हवा हलू लागते, तेव्हा लोकांना सात वाजता बोलावून ताटकळत ठेवू नये. पुसेगावजवळचा ब्रिटिशकाळातला नेर तलाव मी सुचवीन, मात्र सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे दिवस टाळा, कारण तेव्हा त्या रस्त्याने गाडी पुढे सरकत नाही. मायणी आणि येरळवाडी येथे मात्र हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात; ते पाणी त्यांच्यासाठी सोडावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तलाव कोणताही निवडा, पण पाटबंधारे खाते आणि ग्रामपंचायत यांच्याबरोबरच ज्यांच्याकडे मासेमारीचा ठेका आहे त्यांनाही आधी जाऊन भेटा. नायलॉनचे बारीक जाळे पाण्याखाली दिसत नाही आणि बोटीखालचे लांब पाते त्यात अडकले की बोट जागच्या जागी उभी राहते. अशा जाळ्यातून माझी बोट सोडवण्यासाठी एका मच्छीमार दादांनी स्वतःच्या जाळ्याचे चार फास चाकूने कापले होते. त्या दिवसापासून मी त्यांना विचारल्याशिवाय बोट पाण्यात घालत नाही.

बोया, म्हणजे शर्यतीच्या मार्गावरच्या तरंगत्या खुणा, मांडताना काठावरून दिसणाऱ्या अंतरावर विश्वास ठेवू नका. ऐंशी मीटरपलीकडची बोट बोयाला ओलांडून गेली की अजून अलीकडे आहे, हे डोळ्यांना नीट कळत नाही आणि तिथेच टकरी होतात. म्हणून वारा काठाला समांतर वाहील असा किनारा शोधावा, म्हणजे चालकांना बोटींच्या बरोबरीने काठावरून चालत जाता येते.

बोटी एकत्र सोडू नयेत. डीएफ६५ ही ६५० मिलिमीटरची, डीएफ९५ ही ९५० मिलिमीटरची. आपल्या मीटरच्या बोटी आंतरराष्ट्रीय वन मीटर वर्गातल्या असतील तर त्यांचे किमान वजन ४ किलो असते आणि पाते पाण्यात सुमारे ४२ सेंटिमीटर खोल जाऊ शकते. लांब बोट मुळातच वेगवान असल्याने अशा शर्यतीत कौशल्य मोजलेच जात नाही. पाच डीएफ६५ हीच आपली खरी शर्यत आहे. उरलेल्या तिघांनी दिवसातून दोन-तीनदा स्वतंत्र फेरी घ्यावी आणि एरवी पंच म्हणून उभे राहावे.

सांगलीकर

खटावकरांशी मी सहमत आहे. फक्त आपल्यापैकी कोणी कृष्णेचा विचार करत असेल तर तो सोडून द्यावा. सांगलीत नदीवर होड्यांच्या शर्यती होतात, पण त्या होड्यांत वल्ही मारणारी माणसे असतात. आपल्या बोटीला मंद वाऱ्यात प्रवाह सरळ खाली घेऊन जातो. मिरजेचा गणेश तलाव सरावापुरता ठीक आहे, तथापि भोवतालच्या इमारतींमुळे तिथला वारा सारखा दिशा बदलतो.

मला सांगायचे आहे ते बोट परत आणण्याबद्दल. तीन वर्षांपूर्वी माझ्या बोटीच्या वरच्या झाकणावरची चिकटपट्टी एका कोपऱ्यात सुटली होती. मी ती अंगठ्याने दाबली आणि तशीच बोट सोडली. चौथ्या फेरीत ती वळायला जड वाटू लागली, मग नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, पाण्यात घुसू लागली, आणि काठापासून तीस मीटरवर शिडाचा फक्त शेंडा दिसत राहिला. बोटीखाली शिसे असल्याने पाणी भरले की ती तळाशीच जाते. आता मी दर वेळी झाकणाची कड कोरड्या फडक्याने पुसून नवी पट्टी लावतो आणि आतल्या रिकाम्या जागेत थर्माकोलचे तुकडे भरतो.

रिसीव्हरची, म्हणजे रिमोटचा संदेश घेणाऱ्या बोटीतल्या यंत्राची, तार डेकच्या शक्य तितकी जवळ, वर बांधावी, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जात नाहीत. सुरू करताना आधी रिमोट आणि मग बोट, बंद करताना आधी बोट आणि मग रिमोट, हा क्रम मोडू नये. संपर्क तुटल्यास शिडे सैल होतील अशी व्यवस्था रिसीव्हरमध्ये आधीच करून ठेवावी. वारा पडून बोट अडकली तर गळाच्या काठीच्या दोऱ्याला टेनिसचा चेंडू बांधून तो बोटीच्या पलीकडे टाकावा आणि दोरा शिडात अडकवून हळू ओढावा. आपल्याकडे नदी ओलांडायला गुळाची काहील वापरण्याची पद्धत आहे. कोणी उत्साहाने काहील आणली तरी तीत बसून जाऊ देऊ नका. लाइफ जॅकेट घातलेला माणूस आणि एक खरी होडी दिवसभर काठाशी असलीच पाहिजे.

शिडाचा वारा

नियमांचे पाहू. वर्ल्ड सेलिंग या शिडाच्या बोटींच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या शर्यतीच्या नियमांत रेडिओ बोटींसाठी ‘परिशिष्ट ई’ आहे आणि सध्या २०२५ ते २०२८ ची आवृत्ती लागू आहे. ते सर्व पहिल्याच दिवशी पाठ करण्याची गरज नाही. विरुद्ध बाजूंनी वारा घेणाऱ्या दोन बोटी भेटल्या तर जिच्या उजव्या बाजूने वारा येतो तिचा हक्क, आणि दोघींना एकाच बाजूने वारा असून त्या शेजारी-शेजारी असतील तर वाऱ्याकडच्या बोटीने बाजूला व्हायचे, एवढे सर्वांना काठावर काठ्या मांडून समजावले तरी बहुतेक वाद उद्भवत नाहीत. चूक झाली किंवा बोयाला स्पर्श झाला तर चालकाने बोट लगेच बाजूला नेऊन एक पूर्ण गिरकी घ्यावी. हक्क सांगताना आपल्या शिडाचा क्रमांक मोठ्याने म्हणायचा, नाहीतर कोण कोणाला ओरडते आहे हेच कळत नाही.

गुण सोपे ठेवा : पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, आणि सर्वांत कमी बेरीज असलेला विजयी. चार शर्यतींनंतर प्रत्येकाचा एक वाईट निकाल वगळा. एक शर्यत दहा-पंधरा मिनिटांची ठेवली तर जेवणाची सुटी धरूनही दिवसभरात बारा शर्यती आरामात होतात.

सातारकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. येत्या रविवारी दोघे जण नेरला जाऊन काठ पाहतील आणि ठेकेदारांना भेटतील. एकच शंका उरली आहे. पाण्याची खोली ठिकठिकाणी वेगळी असेल तर बोयाची दोरी किती लांब ठेवावी? मागच्या वेळी सैल दोरीत दोन बोटींची पाती अडकली होती.

खटावकर

दोरी लांबच ठेवा, पण ती बोयाला बांधू नका. बोयाच्या तळाशी एक गुळगुळीत कडी लावून दोरी तिच्यातून ओवा. एका टोकाला तळाशी बसणारा दगड आणि दुसऱ्या टोकाला त्याहून बरेच हलके, पावशेराचे वजन. जास्तीची दोरी त्या वजनाने कडीतून खाली ओढली जाते आणि खोली कितीही असली तरी दोरी सरळ उभी राहते. बोयासाठी पाच लिटरचा कॅन नारिंगी रंगवला तरी पुरतो. माझ्याकडे असे सहा तयार आहेत. रविवारी आपली माणसे येतील तेव्हा घेऊन जावेत.