कटकारस्थानांचे टीव्ही शो: डोक्यात काही भर पडते की नुसता टाइमपास?

टिळकवाडीकर

मंडळी, भांडायला विषय देतो. आमच्या घरी रात्रीची जेवणं उरकली की एन्शंट एलियन्स लागतं, परग्रहावरचे लोक पूर्वी पृथ्वीवर येऊन गेले म्हणणारं, हिंदी डबिंगमधलं. आमचे बाबा आणि भाचा दोघं एकदम गप्प होऊन बघतात. 2010 पासून ही सिरीज चालू आहे आणि अजून एक एलियन सापडलेला नाही, तरी संपायचं नाव नाही. परवा वेरूळच्या कैलास लेण्यावरचा एपिसोड होता. एवढा डोंगर वरून खाली कोरत आणणं त्या काळी माणसाला जमलंच कसं, कुठलं यंत्र होतं, दगडाचा चुरा गेला कुठे, असे प्रश्नावर प्रश्न. उत्तर एकाचंही नाही. शेवटी भाचा म्हणाला, मामा म्हणजे आपल्या लोकांनी नाही बांधलं ते.

माझी तक्रार एवढीच आहे की हे लोक सरळ खोटं बोलत नाहीत, ते निम्मं दाखवतच नाहीत. कैलास राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातला, 756 ते 773 हा त्याचा राज्यकाळ. त्यानंतर साधारण चाळीस वर्षांनी, 812 च्या सुमाराला, त्याच घराण्यातल्या कर्कराजाचा ताम्रपट आहे, बडोद्याला सापडलेला, त्यात एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, या देवळाचं वर्णन आहे. आकाशातून जाणारे देव बघून थक्क झाले, आणि खुद्द बांधणाऱ्या शिल्पीलाच हे आपण कसं केलं याचं नवल वाटलं असं त्यात लिहिलंय. एवढा भारी मजकूर हातात असताना सांगायचा नाही म्हणजे काय?

आणि आपल्या बेळगाव भागातल्यांनी तर हसायलाच पाहिजे. कारण पट्टदकल आपल्यापासून गाडीने तीन-चार तासांवर. तिथलं विरूपाक्ष मंदिर बघा, 740 च्या आसपासचं, चालुक्य राजा विक्रमादित्य दुसरा कांचीच्या पल्लवांना हरवून आला म्हणून राणी लोकमहादेवीने बांधवलेलं. कांचीचं कैलासनाथ, मग पट्टदकलचं विरूपाक्ष, मग वेरूळचं कैलास, अशी सरळ शिडी आहे. तीन फोटो शेजारी ठेवले की माणसं शिकत शिकत कुठपर्यंत पोचली ते शाळकरी पोराला पण कळतं. पण पट्टदकल दाखवलं की एपिसोडच संपला ना! म्हणून ते कापतात. तर माझं मत: असले शो माहिती देत नाहीत, माहिती काढून टाकून रहस्य तयार करतात. बोला.

खासबागचा पॉवरलूमवाला

ओ साहेब, तुमी लईच सिरीयस घेऊलालाय. आमी दिवसभर मागावर बसून खटाखट ऐकून येतोय, रात्री अर्धा तास यूएफओ बघितलं तर कुणाचं काय जातंय? लोकं येडी नाहीत, ही गंमत आहे हे सगळ्यांना कळतंय. तुमच्या घरात सासू-सुनेच्या शिरेली चालतात त्या बघून कुणी सुनेला विष घालतंय काय? उलट एलियनवाल्यात किमान इजिप्त तरी दिसतंय, फुकटात.

बाकी ताम्रपटात आकाशातून जाणारे देव म्हटलंत ना, आता गेलं. विमानं सापडली की! पुढचा एपिसोड तुमीच दिलासा त्यास्नी.

मास्तर, खानापूर

पॉवरलूमवाले, विमानाचा विनोद आवडला. पण लोकांना कळतं म्हणताय ते तितकं सोपं नाही हो. एक उदाहरण देतो. 2012 ला अ‍ॅनिमल प्लॅनेटवर जलपऱ्यांवर एक कार्यक्रम लागला, जलपरी खरंच सापडली अशा थाटात. त्यातले शास्त्रज्ञ म्हणजे नट होते. हे काल्पनिक आहे ही पाटी कुठे, तर शेवटी नावं पळतात त्यात, पटकन येऊन गेली. परिणाम काय झाला? अमेरिकेच्या सरकारी समुद्रखात्याला स्वतःच्या वेबसाइटवर लिहावं लागलं की पाण्यात राहणारी माणसं असल्याचा कोणताही पुरावा कधी मिळालेला नाही. विचार करा, सरकारला हे लिहावं लागलं! पुढच्याच वर्षी डिस्कव्हरीने तेच केलं, लाखो वर्षांपूर्वी संपलेला मेगालोडॉन शार्क जिवंत आहे म्हणून, परत नटच शास्त्रज्ञ. प्राण्यांची खरी माहिती मिळते म्हणून ज्या चॅनलवर आपण विश्वास ठेवतो, तिथे हे. सासू-सुनेच्या सिरीयलला कुणी माहितीपट म्हणत नाही, फरक तिथे आहे.

आणि लांब कशाला जायचं. नोव्हेंबर 2016 मध्ये दोन हजाराच्या नव्या नोटेत नॅनो जीपीएस चिप आहे, जमिनीत खोल पुरली तरी उपग्रहाला दिसते, हे कुठल्या रहस्यकथेच्या कार्यक्रमात नव्हतं, चांगल्या टाय घातलेल्या न्यूज अँकरांनी ग्राफिक्स लावून सांगितलं. लोकांनी नोट उन्हात धरून चिप शोधली, बँकेच्या रांगेत मी डोळ्यांनी बघितलंय.

निपाणीवाला

इथं सगळे एकाच बाजूने चाललेत म्हणून लिहितो. कट म्हटलं की लगेच हसायचं ही पण एक फॅशन झालीय. कट असतात. मी निपाणीचा, तंबाखूच्या धंद्यातल्या घरातला, आमच्या नाकातून ती धूळ अजून गेली नाही. 1954 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी मिळून शेकडो पेपरात पानभर जाहिरात दिली, तुमचं आरोग्य आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, आणि सिगारेटने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही. पुढची कित्येक वर्षं कंपन्यांच्या आतल्या कागदात वेगळं आणि बाहेर वेगळं. हा कट नाही तर काय? तेव्हा कुणी बोललं असतं तर त्याला पण तुमच्यासारख्यांनी येड्यात काढलं असतं.

अमेरिकेतल्याच टस्कीगी गावचं ऐका. 1932 ते 1972, चाळीस वर्षं, अमेरिकन सरकारी आरोग्यखात्याने सिफिलिस झालेल्या 399 काळ्या माणसांना औषध न देता नुसतं बघत ठेवलं, पेनिसिलिन आल्यावरसुद्धा. असलं काही टीव्हीवर दाखवलं तर ती माहितीच आहे. त्यामुळे सरसकट बोलू नका. संशय घ्यायला शिकवणारा कार्यक्रम मला झोपवणाऱ्या कार्यक्रमापेक्षा बरा.

टिळकवाडीकर

निपाणीवाले, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण तो माझ्याच बाजूचा आहे! हे कट उघडे कसे पडले ते बघा की. टस्कीगीचं, त्याच खात्यातल्या एका माणसाने तक्रारी करून करून शेवटी पत्रकाराकडे कागद दिले आणि 1972 ला बातमी आली. तंबाखूचं, 1994 ला आतले कागद फुटले, मग खटले, मग 1998 चा तो मोठा समझोता 46 राज्यांबरोबरचा, त्यात कंपन्यांना लाखो पानं लोकांसमोर ठेवावी लागली. नाव, तारीख, सही असलेली पानं. खऱ्या कटात कागद असतो आणि कुणाची तरी नोकरी धोक्यात येते. टीव्हीवरच्या कटात धूर, भीतीदायक म्युझिक आणि "काही जाणकारांच्या मते". हे जाणकार कोण ते एकदा पण सांगत नाहीत.

आणि गंमत बघा, खरे कट हे लोक कमीच घेतात. कारण त्यात शेवटी उत्तर आहे. उत्तर असलं की पुढचा सीझन कसा काढणार?

शहापूरची, सध्या पुण्यात

सगळे पुरुष मंडळी ताम्रपट आणि कागदात अडकलात म्हणून जरा वेगळं सांगते. मी इतिहासात एम.ए. केलं आणि त्याची सुरुवात असल्याच एका पिरॅमिडवाल्या कार्यक्रमाने झाली, लपवत नाही. त्यात सांगितलेलं सगळं चुकीचं होतं हे नंतर कळलं. गिझाला 1990 पासून मजुरांच्या कबरी सापडल्यात, आणि 2013 मध्ये वादी अल-जर्फला मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशीच मिळाली, चुनखडीचे दगड होडीतून गिझाला कसे नेले त्याची नोंद, पपायरसवर. पण ते वाचायची भूक आधी लागायला पाहिजे ना? ती मला पाठ्यपुस्तकाने लावली नाही. चार ओळींचा इतिहास आणि खाली गाळलेल्या जागा भरा.

अजून एक. 1991 चा जेएफके सिनेमा घ्या, केनेडीच्या खुनावरचा, इतिहासकार त्यावर जाम चिडले होते. पण त्या सिनेमामुळे एवढा गदारोळ झाला की 1992 ला अमेरिकन संसदेने कायदा करून खुनाची सरकारी कागदपत्रं खुली करायला लावली. आपल्याकडे नेताजींच्या बाबतीत काय झालं? 1956 ची शाहनवाज समिती, मग खोसला, मग मुखर्जी आयोग, लोक विचारत राहिले, टीव्हीवर वाद होत राहिले आणि 23 जानेवारी 2016 ला शंभर फायली खुल्या झाल्या. म्हणजे टिळकवाडीकरांना जो कागद एवढा प्यारा आहे तो कागद बाहेर यायला पण आधी आरडाओरडा लागतो, आणि आरडाओरडा करायला मसाला लागतो. अभ्यासक लोक आपल्या भाषेत येऊन बोलत नाहीत, हलशीच्या देवळापाशी जाऊन बघा, कदंब राजांबद्दल साध्या माणसाला कळेल असं कोण सांगतंय तिथे? जागा रिकामी ठेवली की तिथे एलियन येऊन बसणारच.

मास्तर, खानापूर

ताई, शेवटचं वाक्य मात्र मनाला लागलं, आम्हा शिक्षकांनाच ते आहे. पण जेएफकेची दुसरी बाजू पण सांगा. त्याच सिनेमाच्या प्रेक्षकांवर स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता, 1995 ला छापून आला. सिनेमा बघून बाहेर आलेल्यांचा कटावरचा विश्वास वाढला हे तर झालंच, पण मत द्यायला जायची आणि राजकारणात काही करायची इच्छा कमी झालेली दिसली. सगळंच वरून ठरलंय तर आपण कशाला, असं होतं माणसाचं. तुम्ही एम.ए. केलंत, तुमच्यासारखी दहातली एक. बाकीचे नऊ रिमोट ठेवून "सगळे चोर आहेत" म्हणून झोपतात.

कन्नडिगा मित्र

मराठी वाचतो, लिहिताना चुका होतील, माफ करा. राष्ट्रकूट कन्नड होते, राजधानी मान्यखेट, म्हणजे आमचं मळखेड, कलबुर्गी जिल्हा. एवढंच सांगायचं होतं.

येळ्ळूर रोड

झालं, आलं! कैलास महाराष्ट्रात आहे आणि कोरणारे हात कुणाचे होते ते तुमाला कुणी सांगितलं?

टिळकवाडीकर

ओ, हात जोडतो, सीमाप्रश्न इथे नको, धागा सकाळपर्यंत संपणार नाही. कन्नड म्हणा की मराठी म्हणा, भांडा, पण निदान तुम्ही दोघं माणसांनी कोरलं यावर तरी एकमत आहात. एलियनला श्रेय द्यायला दोघंही तयार नाहीत हे बघून बरं वाटलं.

चिक्कोडी एक्स्प्रेस

टीव्हीला झोडपताय पण खरा विषारी साप मोबाईलमध्ये आहे. 2018 ला मुलं पळवणारी टोळी आली म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं, धुळ्याकडे राईनपाड्याला पाच जणांना ठेचून मारलं, त्याच महिन्यात आपल्या बिदर जिल्ह्यात एका तरुणाला जमावाने संपवलं. त्यात कुठला टीव्ही शो होता? टीव्हीला किमान नियम तरी आहेत, केबल टीव्हीच्या 1994 च्या नियमात सहावा नियम आहे, अंधश्रद्धेला खतपाणी घालणारा कार्यक्रम दाखवायचा नाही म्हणून. तक्रार करता येते. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या काकांच्या मेसेजची तक्रार कुणाकडे करणार?

मास्तर, खानापूर

नियम आहे हो, छापलेला आहे. आणि सकाळी सात वाजता कुठलंही चॅनल लावा, कन्नड लावा नाहीतर मराठी, गंध लावून बसलेले गुरुजी राशीनुसार अंगठ्या सांगतात. 26 डिसेंबर 2019 चं सूर्यग्रहण आठवा. दिवसभर चॅनलांवर कुठल्या राशीला वाईट याचीच चर्चा, आणि त्याच दिवशी कलबुर्गीजवळ ताजसुलतानपूरला दिव्यांग पोरांना गळ्यापर्यंत मातीत पुरलं, बरी होतील म्हणून. आपल्या बेळगावात 6 डिसेंबरला सदाशिवनगरच्या स्मशानात अंधश्रद्धेविरुद्ध कार्यक्रम करतात, ते चांगलंच आहे, पण त्याची बातमी येते दोन मिनिटं आणि अंगठीवाले अर्धा तास.

निपाणीवाला

मास्तर, ग्रहण आणि कटकारस्थान यात गल्लत करताय. अंगठीवाला म्हणतो माझ्यावर विश्वास ठेव. कटवाला म्हणतो कुणावरच ठेवू नकोस. दुसरा मला जास्त मानवतो.

मास्तर, खानापूर

कुणावरच ठेवू नकोस, फक्त माझ्यावर ठेव, असं म्हणतो तो. नीट ऐका.

खासबागचा पॉवरलूमवाला

मास्तर एक नंबर. पण मी बघणार म्हणजे बघणारच, सांगून ठेवतो. ते एलियनवाल्यातलं केस उभे केलेलं माणूस बघितल्याशिवाय मला झोप लागत नाही. आणि टिळकवाडीकर, तुमच्या भाच्याला पट्टदकल दाखवा नाहीतर नका दाखवू, पण बाबांचा रिमोट काढून घेऊ नका, तेवढं पाप करू नका.

शहापूरची, सध्या पुण्यात

रिमोट काढून घेऊन काही होत नाहीच. शेजारी बसून बघा आणि मध्येच विचारा, हा माणूस कोण, याचं शिक्षण काय, याने सांगितलेला दगड कुठल्या म्युझियममध्ये आहे. मी आमच्या आईबरोबर करते हे. ती चिडते पण आता ती स्वतःच मधे मधे "जाणकार म्हणजे कोण रे मेल्या" असं टीव्हीला विचारते.

टिळकवाडीकर

हे करून बघतो. बाबा मलाच बाहेर काढतील ही शक्यता जास्त. पण ताई, भूक लागते हे तुमचं मान्य केलं तरी त्या भुकेला त्याच चॅनलने खरं जेवण वाढायला काय हरकत आहे, यावर तुम्ही बोललाच नाहीत. मेरेरची रोजनिशी काय कमी थरारक आहे? साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या मुकादमाचं हजेरीबुक!

शहापूरची, सध्या पुण्यात

हरकत काहीच नाही, पैसा आहे. रोजनिशीवर एकच एपिसोड होतो, एलियनवर दोनशे.

निपाणीवाला

मग 1954 च्या त्या जाहिरातीवर कुणीतरी काढा की मराठीत, कागदांसकट, धूर आणि म्युझिक पण घाला वाटलं तर, मी सगळ्या निपाणीला बसवून दाखवतो. फक्त मधल्या ब्रेकमध्ये इलायचीच्या नावाने गुटखेवाल्यांच्या जाहिराती लागतील त्याचं काय करायचं ते आधी ठरवा.