टाळेबंदीतील मदत: सातबारा पाहून की विक्रीची पट्टी पाहून?

प्रश्न (कोथरूड)

पुरंदर तालुक्यातील माझे मामा दुसऱ्याच्या जमिनीवर खंडाने गुलछडी करतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, मंदिरे बंद झाली, लग्ने पुढे गेली आणि गुलटेकडीच्या फुलबाजारात माल पाठवण्यात अर्थ उरला नाही. कळी तोडली नाही तर झाड खराब होते, म्हणून मजुरी देऊन रोज तोडायची आणि बांधावर टाकायची, असे चालले होते. एप्रिलमध्ये पीएम-किसानचे दोन हजार रुपये आले, तेही पुण्यात राहणाऱ्या जमीनमालकांच्या खात्यात. अमेरिकेतील ग्रामीण कौंट्यांमध्ये (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये) त्याच काळात शेतकऱ्यांना नुकसानीच्या प्रमाणात पैसे मिळाले, असे वाचले. ती रक्कम कशावरून ठरत होती आणि खंडकऱ्याला ती मिळत होती का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ (हडपसर)

मिळत होती. १७ एप्रिल २०२० रोजी तिथे एकोणीस अब्ज डॉलरची योजना जाहीर झाली, त्यांपैकी सोळा अब्ज थेट शेतकऱ्यांसाठी होते आणि अर्ज कौंटीच्या पातळीवरील कृषी कार्यालयांमार्फत घेतले गेले. पात्रतेचा मुद्दा जमिनीची मालकी हा नव्हता, तर पिकाची जोखीम कोण उचलतो हा होता. त्यामुळे मालक, खंडकरी आणि वाटेकरी आपापल्या हिश्श्यापुरते पात्र ठरत होते. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत ज्या मालाचे भाव पाच टक्के किंवा अधिक घसरले, त्याला मदत, असे पहिले सूत्र होते. गंमत अशी की फुलांना त्यात सुरुवातीला जागाच नव्हती, ती ऑगस्टमध्ये मिळाली. सप्टेंबरच्या दुसऱ्या टप्प्यात फळे, भाज्या आणि फुले यांची रक्कम २०१९ मधील विक्रीच्या आकड्यावरून काढण्यात आली, आणि मला ही पद्धत आपल्याकडे अधिक लागू पडणारी वाटते, कारण अडत्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, आपल्या शेतकऱ्यापाशीही असते. अर्थात विक्री मोठी त्याला मदत मोठी, हा दोष त्यात होताच. पहिल्या टप्प्यात एका व्यक्तीची कमाल मर्यादा अडीच लाख डॉलर होती.

उत्तर २ (बारामती)

दोन हजारांची थट्टा करणे सोपे आहे, परंतु ते वार्षिक सहा हजारांपैकीच होते आणि मार्चअखेरच्या केंद्रीय पॅकेजमध्ये फक्त आधी देण्यात आले, हे लक्षात घ्यावे. यादी तयार होती म्हणून पैसे नवा अर्ज न करता पोहोचले. नुकसान मोजायचे तर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांचा पंचनामा हवा, आणि पंचनामा पीक बुडाल्याचा होतो. इथे पीक उत्तम होते, बाजार बुडाला होता.

उत्तर ३ (जुन्नर)

बाजार बुडाल्यावर काय करता येते, याचे उदाहरण घरचेच आहे. त्याच टाळेबंदीत राज्य सरकारने रोज दहा लाख लिटर अतिरिक्त दूध २५ रुपये लिटरने घेऊन त्याची भुकटी करण्याचे ठरवले. तिथे जनावर कोणाच्या जमिनीवर बांधले आहे, हे कोणी विचारले नाही. पण गुलछडीची भुकटी होत नाही, ही अडचण आहेच.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. पट्टीचा मुद्दा मामांना सांगितला. खंडाचा करार मात्र तोंडीच आहे, कारण कूळकायद्याने कसणारा जमिनीवर हक्क सांगेल या धास्तीने मालक कागदावर काही येऊ देत नाहीत.

उत्तर १ (हडपसर)

मग पट्टीलाच महत्त्व येते. फक्त ती कोणाच्या नावे निघते, हे पाहावे. चार-पाच जणांचा माल एकाच पिकअपमधून जातो तेव्हा बहुधा एकाच नावाने पट्टी फाडली जाते आणि बाकीच्यांचा हिशेब वहीच्या पानावर राहतो. अडत्याला सांगून प्रत्येकाची वेगळी पट्टी घेता येते.