विषय: शनिवार, आजींचे शाळेचे फोटो: लॅमिनेशन करायचं की नाही? (आजच कळवा)

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.

शनिवारी इथल्या, म्हणजे आयर्लंडमधल्या ड्रॉहेडाच्या वयस्कर मंडळींना जुने शाळेचे फोटो दाखवून त्यातल्या मुलांची नावं विचारायची आहेत. हॉल अकराला उघडतोय. आजींचा खोका माझ्याकडे आलाय. बहुतेक फोटो वर्गांचे आहेत. मागची रांग बाकावर उभी, पुढची मांडी घालून, मधल्या मुलाच्या हातात पाटी आणि पाटीवर इयत्ता. एकात पुढची दोन मुलं अनवाणी आहेत. दोन-तीन फोटोंच्या मागे फोटोग्राफरचा शिक्का आहे, पण नावं जवळजवळ कुठेच नाहीत. एक फोटो फ्रेममध्ये काचेला चिकटलाय.

खजिनदारांनी लॅमिनेशनचा दर विचारून ठेवलाय. दुकानदाराला उद्या सकाळी फोटो हवेत. हो म्हणू का?

प्रेषक: खजिनदार

हो म्हणा. गणपतीच्या वेळी मुलांच्या चित्रांवर चहा सांडला होता, ते सगळ्यांनी पाहिलंय. या वेळी गावातली वयस्कर मंडळी येणार, फोटो हातात घेऊन बघणार, शेजारच्याला देणार. लॅमिनेट केलेला फोटो पुसता येतो. वस्तू दुसऱ्याची आहे, ती धड परत गेली पाहिजे. पावती मी मंडळाच्या नावाने घेतो.

प्रेषक: काकू, बेटीस्टाउन

अजिबात नको! धड परत जायला हवेत म्हणूनच नको. लॅमिनेशनचं प्लास्टिक तापवून चिकटवतात आणि ते पुन्हा निघत नाही. जुन्या कृष्णधवल फोटोत कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि चित्र त्या थरातल्या चांदीच्या कणांचं असतं. तो थर एकदा भाजला की कोणीही दुरुस्त करू शकत नाही.

मूळ फोटो स्कॅन करा, निदान ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके). पाठीमागची बाजूसुद्धा, कारण शिक्का तिथेच आहे. मग प्रिंट काढा आणि त्यांना खुशाल लॅमिनेट करा, चहा सांडो नाहीतर ताक.

काचेला चिकटलेला फोटो कुणीही ओढायचा नाही. इथल्या दमट हवेत जिलेटिन काच धरून बसतं. ओढलं की कागद हातात येतो आणि चेहरे काचेवर राहतात. काचेसकट स्कॅन करा. आणि मागे बॉलपेनने नंबर घालू नका, पेनाचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

प्रेषक: खजिनदार

काकू, प्रतींचा खर्च अंदाजपत्रकात नाही. स्कॅनर कुणाचा? आणि मागे लिहायचं नाही, तर नावं लिहायची कुठे? सगळा खटाटोप नावांसाठीच आहे ना?

प्रेषक: दादा, डंडॉक

या निमित्ताने एक सुचवतो. एक टेबल आपल्या शाळांचंही ठेवू या. माझ्याकडे साताऱ्याच्या जिल्हा परिषद शाळेचा सातवीचा फोटो आहे, अगदी अशाच रांगा, अशीच पाटी. आणि लिओ वराडकरांचा फोटो हवाच. मालवणजवळच्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा २०१७ साली या देशाचा पंतप्रधान झाला. आपल्या मुलांना हे दिसलं पाहिजे.

प्रेषक: सचिव

दादा, वराडकर डब्लिनचे, त्यांची शाळा ब्लँचर्ड्सटाउनची. शनिवार ड्रॉहेडाच्या लोकांचा आहे. आजींनी खोका विश्वासाने दिलाय, तो मुख्य टेबलावर राहील. साताऱ्याचा फोटो दिवाळीला नक्की लावू. डंडॉकला असा कार्यक्रम तुम्ही केलात, तर आम्ही सगळे येऊ.

प्रेषक: ताई (लूर्द्स हॉस्पिटल)

नावांबद्दल लिहिते. प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, प्रत्येक डोक्याभोवती रेघ काढायची, आत नंबर घालायचा. शेजारच्या कागदावर नंबरापुढे नाव, पेन्सिलीने. दोघांनी वेगवेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहायची. मूळ फोटोला हात लागत नाही.

हे मला महत्त्वाचं का वाटतं तेही सांगते. वॉर्डात वयस्कर माणसं शाळेच्या गोष्टी फार मनापासून सांगतात. खेड्यातून आलेली सांगतात की हिवाळ्यात वर्गाच्या शेकोटीसाठी घरून टर्फची (जळणासाठी वाळवलेल्या दलदलीच्या मातीची) एक वीट न्यावी लागे. एका बाईंनी सांगितलं की चौदावं सरलं आणि त्या कामाला लागल्या. तेव्हा सक्तीची शाळा चौदापर्यंतच होती, १९७२ मध्ये ती पंधरापर्यंत गेली. १९६७ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झालं, शाळेच्या बस सुरू झाल्या. त्याआधी फी परवडायची नाही. म्हणजे या खोक्यातल्या कितीतरी मुलांचा हा शाळेतला शेवटचा फोटो असेल. त्यांची नावं सांगणारी माणसं आज आहेत. पुढच्या वर्षी असतीलच असं नाही, हे मी रोज बघते.

प्रेषक: दादा, डंडॉक

ताई, ट्रेसिंग पेपर मी आणतो, ऑफिसात मोठा रोल आहे. पण सगळे फोटो फेसबुकवर टाकले तर नावं दोन दिवसांत मिळतील.

प्रेषक: काकू, बेटीस्टाउन

फेसबुक नको, निदान आत्ता नको. फोटोतली बरीच माणसं जिवंत आहेत आणि डेटा संरक्षणाचा कायदा जिवंत माणसांसाठीच आहे. शिवाय छायाचित्राचा कॉपीराइट फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर ७० वर्षं राहतो, म्हणून तर शिक्का स्कॅन करा म्हटलं. आधी आजींना विचारा, मग मिलमाउंट संग्रहालयाला. ते ओल्ड ड्रॉहेडा सोसायटी चालवते, गावाचा इतिहास त्यांच्या हाताखालून गेलाय. स्कॅनचा एक संच त्यांना देऊ या.

आणि टेबलावर पेन्सिल घेऊन आपली मुलं बसवा. १९३७ ते १९३९ मध्ये आयर्लंडच्या लोककथा आयोगाने शाळकरी मुलांनाच कामाला लावलं होतं. सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,००० हून जास्त मुलांनी आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारून वह्या भरल्या: खेळ, औषधं, विहिरी, भुताच्या गोष्टी. ती पानं आज इंटरनेटवर आहेत, आपल्या लाउथ आणि मीथ जिल्ह्यांची सुद्धा. आपल्या मुलांनीही नुसतं नाव विचारू नये. घर कुठल्या गल्लीत, शाळेत चालत कोण यायचं, डब्यात काय, मास्तर कसे, पुढे काम कुठे मिळालं, सिमेंट फॅक्टरीत की गिरणीत, की बोटीने इंग्लंडला गेले, हे सगळं लिहून घ्यावं.

प्रेषक: वहिनी

माझी लेक बसेल. खोक्यातल्या एका फोटोतल्या पायऱ्या तिच्याच शाळेच्या आहेत, तिने लगेच ओळखल्या. या वर्षी तिच्या वर्गाचा फोटो तिथेच काढला. तिच्या रांगेत पोलंड, नायजेरिया, केरळ आणि आपण असे सगळे आहेत. त्या फोटोच्या मागे मी आजच नावं लिहिते.

प्रेषक: काकू, बेटीस्टाउन

वहिनी, मऊ पेन्सिलीने, अगदी कडेला, आणि फोटो कठीण पृष्ठभागावर ठेवून!

प्रेषक: खजिनदार

मूळ फोटोंच्या लॅमिनेशनचं काम रद्द केलंय. प्रतींपुरता खर्च मंजूर समजा, पण प्रत्येक फोटोची एकच प्रत, ए-फोर आकारात. मोठ्या समूहाच्या फोटोला ए-थ्री, कारण चेहरे ओळखता आले पाहिजेत. स्कॅनर ताईंच्या शेजाऱ्यांकडे आहे, उद्या संध्याकाळी सचिवांनी खोका तिथे न्यावा आणि स्कॅन संपेपर्यंत तिथेच थांबावं. खोका रात्री गाडीत ठेवू नये. मूळ फोटो शनिवारी हॉलमध्ये आणायचे नाहीत, आजी स्वतः बघायचे म्हणाल्या तरच आणायचे.

चहा टेबलापासून लांब, खिडकीजवळ. चिवडा कोण करतंय ते अजून कुणी लिहिलेलं नाही.