तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात, मग तिसऱ्या आवर्तात ८ च मूलद्रव्ये का?

निळीशाई:
शाळा सुटून बरीच वर्षं झाली. आता आवडीने रसायनशास्त्र पुन्हा मुळापासून वाचायला घेतलंय आणि आवर्तसारणीपाशी अडले आहे. पुस्तक म्हणतं, पहिल्या कवचात जास्तीत जास्त २ इलेक्ट्रॉन, दुसऱ्यात ८, तिसऱ्यात १८, चौथ्यात ३२. पुढच्याच पानावर म्हणतं, प्रत्येक आवर्त म्हणजे एक कवच. मग तिसऱ्या आवर्तात १८ घरं हवीत ना? सोडियमपासून आरगॉनपर्यंत मोजली तर ८ च भरतात. चौथ्यात ३२ हवीत, तर आहेत १८. याबद्दल पुस्तकात अवाक्षर नाही. मला पाठ करायचं नाहीये, कारण समजून घ्यायचंय.

परीक्षानळी:
तिसरं कवच एका दमात भरत नाही. कवचाचे एस, पी, डी, एफ असे उपभाग असतात, त्यांत अनुक्रमे २, ६, १०, १४ इलेक्ट्रॉन मावतात; ३एस म्हणजे तिसऱ्या कवचाचा एस भाग. ३एस आणि ३पी भरले की ३डी च्या आधी ४एस भरतं. 'एन अधिक एल' चा नियम बघा (एन म्हणजे कवचाचा क्रमांक, एल म्हणजे एस ०, पी १, डी २, एफ ३; बेरीज कमी तो भाग आधी), सगळा क्रम लागतो.

निळीशाई:
बघितला, आभार. क्रम लागतो खरा. पण ३डी रिकामं असताना ओळ आरगॉनपाशीच का तोडायची, ते त्यातून कळत नाही.

प्रयोगवही:
तुम्ही अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंत. रसायनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, आणि हा प्रश्न वर्गात कुणी विचारला की मी त्या दिवसाचा ठरलेला धडा बाजूला ठेवत असे.

'आवर्त म्हणजे एक कवच' हे वाक्य आधी मनातून काढून टाका. नवं कवच उघडलं की नवं आवर्त सुरू होतं, एवढंच खरं. आधीचं कवच तोवर भरलेलं असेलच असं नाही.

ओळ कुठे तुटते ते आकड्यांत पाहा. अणूतला सर्वांत सैल इलेक्ट्रॉन काढून घ्यायला किती ऊर्जा लागते? इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये सांगतो. निऑनला २१.६, त्याच्या लगेच पुढच्या सोडियमला ५.१. आरगॉनला १५.८, पोटॅशियमला ४.३. क्रिप्टॉनला १४.०, रुबिडियमला ४.२. प्रत्येक वेळी सरळ कडाच कोसळतो आणि नेमक्या त्या कड्यावर आवर्त संपतं. आता तिसरं कवच खरोखर १८ इलेक्ट्रॉनांनी भरतं ते तांब्यापाशी. तिथे काय दिसतं? तांबं ७.७, जस्त ९.४, गॅलियम ६.०. चढउतार आहे, पण कडा नाही. आरगॉन कुणाशी सहजी संयोग करत नाही, पोटॅशियम पाण्यात टाकताच पेट घेतं. तांबं आणि जस्त यांच्यात असा फरक कुठे आहे? म्हणून ओळ तिथे तुटत नाही.

४एस आधी का, याचं उत्तर असं. ४एस मधला इलेक्ट्रॉन सरासरीने दूर असला तरी काही अंशी पार केंद्रकाजवळ पोचतो, आणि तिथे आतल्या इलेक्ट्रॉनांचा आडोसा उरत नाही. ३डी मधल्या इलेक्ट्रॉनाला तेवढं आत शिरता येत नाही. त्यामुळे पोटॅशियम आणि कॅल्शियममध्ये ४एस ची ऊर्जा कमी ठरते. स्कँडियमपासून पुढे केंद्रकाचा प्रभार वाढतो तसं ३डी झपाट्याने खाली जातं. म्हणूनच लोहाचा आयन होताना आधी ४एस चे इलेक्ट्रॉन निघून जातात. भरण्याचा क्रम उलटा लावून निघण्याचा क्रम काढू नका, तिथे हमखास फसायला होतं.

आणि हे विसरू नका की रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊकच नव्हता. त्याच्या हाती होती ६३ मूलद्रव्यं, त्यांची अणुवस्तुमानं आणि ती कोणती संयुगं करतात याची माहिती. ओळी त्याने वागणुकीवरून तोडल्या. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं, शोधणाऱ्याने घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्हने कळवलं की ती ५.९ च्या आसपास हवी, नमुना शुद्ध करून पुन्हा मोजा. पुन्हा मोजली, ५.९ निघाली! ते मूलद्रव्य त्याने डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. मला आजही हे वाचताना भरून येतं.

निळीशाई:
कडा कळला! आता २, ८, ८, १८, १८, ३२, ३२ हे आकडेही लागतायत: एस-पी चे ८, त्यात डी चे १० मिळवले की १८, एफ चे १४ मिळवले की ३२. पण मेंडेलीव्हने वस्तुमानाने लावलं म्हणता, तर टेल्युरियम १२७.६ आणि आयोडीन १२६.९, तरी टेल्युरियम आधी?

परीक्षानळी:
हे मी सांगतो. आयोडीन वागतं क्लोरीन-ब्रोमीनसारखं, म्हणून मेंडेलीव्हने त्याला त्यांच्याखाली ठेवलं आणि टेल्युरियमचं वस्तुमान चुकीचं मोजलं गेलं असणार असं मानलं. मोजमाप बरोबरच होतं. टेल्युरियमची जड समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू) निसर्गात जास्त आहेत, इतकंच. १९१३ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मोझलीने मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांची वारंवारता मोजली. तिचं वर्गमूळ घराघराला सारख्या पायरीने वाढत गेलं. अणुअंक, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या, हा मोजता येणारा गुणधर्म आहे हे तिथे सिद्ध झालं. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३.

प्रयोगवही:
छान सांगितलंत. निळीशाई, तुमच्या एफ च्या १४ बद्दल एक भर घालतो. ७२ क्रमांकाचं मूलद्रव्य सापडायचं होतं तेव्हा ते दुर्मिळ मृदा धातूंपैकीच (एफ भरत जाणाऱ्या त्या ओळीतलंच) असेल असा बऱ्याच जणांचा समज होता. नील्स बोरचा हिशोब वेगळा होता: एफ ची १४ घरं ७१ पर्यंत संपतात, म्हणजे ७२ वं झिर्कोनियमच्या खाली यायला हवं. कोस्टर आणि हेवेशी यांनी कोपनहेगनमध्ये झिर्कोनियमच्याच खनिजात क्ष-किरणांनी शोध घेतला आणि १९२३ च्या सुरुवातीला हाफ्नियम जाहीर केलं. सारणीच्या तळाशी ज्या दोन ओळी वेगळ्या छापतात, त्या खरं तर सहाव्या आणि सातव्या आवर्तात मध्येच बसतात. पान रुंदीला पुरत नाही म्हणून खाली आणल्या जातात. एकदा मोठ्या कागदावर ३२ रकान्यांची सारणी स्वतः काढा.

निळीशाई:
आजच काढते. हेलियम कुठे ठेवू? इलेक्ट्रॉन दोनच, आणि बेरिलियमच्या बाहेरच्या कवचातही दोनच, मग बेरिलियमच्या डोक्यावर?

प्रयोगवही:
निऑनच्या डोक्यावर. इलेक्ट्रॉन काढायला हेलियमला २४.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, पुढच्या लिथियमला ५.४. बेरिलियमला जेमतेम ९.३.