नॉन ऑक्युपन्सीचा मूळ जीआर पुण्यात कुठल्या लायब्ररीत बघायला मिळेल?

कोथरूडकर_फ्लॅटवाला: आईचा फ्लॅट भाड्याने दिलाय. सेक्रेटरी नॉन ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते तो चार्ज) म्हणून मेंटेनन्सच्या निम्मे पैसे वर मागतोय. 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही म्हणे, पण माझ्याकडचा जीआर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला, तिरका स्कॅन, सही अर्धी कापलेली. कायदा आणि आदेश नीट बघता येईल अशी लायब्ररी आहे का? एजीएम रविवारी. बजेट 300, वकील नको.

रिटायर्ड_काका: मी सहकार कायद्यावरचं जाड इंग्रजी पुस्तक घेतलंय, तीनेक हजाराचं, पण वसूल झालं. हातात दिसलं की कमिटी खुर्ची देते. घेऊन टाका.

मीनल_प: काका, 300 म्हणतायत ते. कायदा इंडिया कोड या सरकारी साइटवर फुकट आहे, राज्यांचे पण असतात. फक्त जुनी पीडीएफ उचलू नकोस, 2019 ला हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण 13-ब आलंय.

भाड्याचं_घर: जीआर सोडा, आमच्याकडे भाडेकरूला पार्किंगच देत नाहीत.

रिटायर्ड_काका: पार्किंग सभासदाचं असतं.

भाड्याचं_घर: मग सभासदाने गाडी घेऊन द्यावी 😄

कोर्टाची_पायरी: आदेश 1 ऑगस्ट 2001 चा आहे, सहकार कायदा 1960, कलम 79-अ खाली. 10 टक्के सर्व्हिस चार्जेसवर, पूर्ण बिलावर नाही, आणि मनपाचा टॅक्स त्यात धरायचा नाही. सर्व्हिस चार्ज 2000 असेल तर 200, विषय संपला. मॉन्ट ब्लांक सोसायटीच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टाने 2007 ला तो उचलून धरलाय, निकाल इंडियन कानून या साइटवर मिळेल. बार लायब्ररीत जाऊ नका, ती वकिलांची असते. सही-शिक्क्याची प्रत हवी तर सहकार आयुक्तालयात आरटीआय टाका, 10 रुपये फी, पानाला 2 रुपये.

मीनल_प: हेच म्हणणार होते, आरटीआय टाक. जीआरच्या सरकारी साइटवर पण विभाग निवडून शोध, पण जुने सगळे चढवलेले नाहीत.

अभ्यासिका_वासी: सरकारी लायब्ररीत जाऊन बघा की, कायद्याची पुस्तकं संदर्भ विभागात बसून वाचता येतात. मी एका ठिकाणी राजपत्राचा जुना खंड मागितला तर तो माणूस म्हणाला कशाला पाहिजे, एमपीएससीवाला दिसत नाहीस. खंड मिळाला पण. जेवणाची सुट्टी संपल्यावर.

पाषाणची_माई: अरे लायब्ररी कशाला, सभासदाला कायदा, नियम, उपविधी सोसायटीच्या ऑफिसातच फुकट बघायला मिळाले पाहिजेत, सहकार कायद्यातच आहे ते. मी एकदा मागितले तर कपाटाची चावी खजिनदाराच्या सुनेकडे निघाली.

रिटायर्ड_काका: असलं करू नका हो. सेक्रेटरीला डिवचलं की लिकेजची तक्रार वर्षभर पडून राहते. त्यापेक्षा पुस्तक घ्या.

कोर्टाची_पायरी: काकांशी सहमत. पुस्तक नाही, पण आरटीआयच बरा.

मीनल_प: हो, आरटीआय.

कोथरूडकर_फ्लॅटवाला: सगळ्यांचे आभार. आरटीआयचं उत्तर यायला 30 दिवस, तोवर एजीएम होऊन जाईल. हायकोर्टाचा निकाल प्रिंट करतोय, आणि आजच सेक्रेटरीला लेखी पत्र देतो की कायदा आणि उपविधींची प्रत ऑफिसात बघायला ठेवा. पत्राच्या कॉपीवर पोच घेणार. लिकेज तसंही दोन पावसाळे झालं नाही.

रिटायर्ड_काका: पत्रात कलम घाला. माझ्या पुस्तकात आहे, सांगतो.