मदत हवी आहे: तोंड जळूलालंय, गुरुवारपर्यंत काय लावू?

दुसरं_गेट (रविवार, रात्री ११:४०)
तोंड नुसतं जळूलालंय, लालभडक झालंय, गालावर आणि नाकाच्या बाजूला कातडं सोलूलालंय, वरनं पावडर लावलो तर पोपडे अजूनच दिसतात. स्क्रब जरा जास्त झालं बहुतेक. गुरुवारी हळद आहे. काय लावलो की लवकर जाईल तेवढंच सांगा की ओ. डॉक्टरकडे जा म्हणून कोणी सांगू नका, ते मलाबी कळतंय. अर्जंट आहे.

पुणेरी_पंखा (रात्री ११:५२)
दादा, हा रेझर बर्नचा प्रकार आहे, मला कॉलेजात असताना दोन वर्षं होता. ब्लेड बदला, केसाच्या उलट दिशेनं दाढी करू नका, गरम पाण्यानं तोंड धुऊन दोन मिनिटं थांबून मगच फोम लावा. आणि ते चार पात्यांचे रेझर येतात ना ते सगळे फेकून द्या, जुन्या पद्धतीचं एक पातं बेस्ट. मी आता बारा वर्षं तेच वापरतोय, खर्चही वाचतो, सविस्तर हवं असेल तर वेगळा धागा काढतो.

खानापूर_लोकल (रात्री ११:५८)
कसलं स्क्रब ते लिहा आधी. दाण्यांचं का ॲसिडचं? किती दिवस? त्याच्या जोडीला रात्री काय लावता? नुसतं पाणी लागलं तरी झोंबतंय का फक्त क्रीम लावल्यावर? पाणी सुटतंय का, पिवळी खपली धरलीये का? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

अनगोळची_काकू (सोमवार, सकाळी ६:१०)
बाळ, दुधाची साय घे, त्यात डाळीचं पीठ आणि लिंबाचे चार थेंब, पंधरा मिनिटं ठेव आणि हलक्या हातानं चोळून काढ. मळ सगळा निघून तोंड असं उजळतंय बघ. आमच्या वेळी कुठलं सीरम नि काय, माझ्या लग्नात मला बघून लोक विचारायचे.

औषधवाला_निपाणी (सकाळी ७:०५)
काकू, कातडं सोललेल्या माणसाला तुम्ही परत चोळायला सांगूलालाय. त्यात लिंबू! लिंबाचा पीएच दोनच्या आसपास, आपल्या कातडीचा साधारण पाच, आणि हा आकडा जेवढा कमी तेवढं ॲसिड जास्त. आणि लिंबू लावून उन्हात गेलं की काळे चट्टे पडतात ते महिनोन्‌महिने जात नाहीत, दुकानात अशी तोंडं मी बघतो. कृपा करून नको.

अनगोळची_काकू (सकाळी ७:२०)
मी चार थेंब म्हटले. तुम्ही वाटीभर पिळल्यासारखं बोलूलालाय.

दुसरं_गेट (सकाळी ७:४४)
मी मुलगी आहे ओ, दाढी कुठली करू.
अक्रोडाच्या टरफलाचं स्क्रब आहे, पंधरा दिवस रोज आंघोळीत लावलो. होय, साधं पाणीबी झोंबतंय. काल नेहमीचं मॉइश्चरायझर लावलो तर डोळ्यांतनं पाणी आलं. पिवळं कायबी नाही, पाणी सुटत नाही, नुसतं तटतटल्यासारखं होतंय, हसलं की गाल ताणतात. आता सांगा काय लावू.

पुणेरी_पंखा (सकाळी ८:०२)
सॉरी ताई, 'लावलो' लिहिलंत म्हणून वाटलं.

अथणीकर (सकाळी ८:१५)
पंखासाहेब, आमच्याकडं बायकाबी 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. आणि तुम्ही 'मी स्क्रब लावलं' म्हणता, आम्ही 'मी स्क्रब लावलो' म्हणतो. लावणारा मी आहे का स्क्रब? बरोबर कोण ते तुम्हीच ठरवा.

पुणेरी_पंखा (सकाळी ८:२१)
व्याकरणात त्याला कर्मणी प्रयोग म्हणतात.

अथणीकर (सकाळी ८:२३)
म्हणा की. आमच्यात कानडीचा शेजार आहे, क्रियापद माणसाकडं बघूनच चालतंय.

औषधवाला_निपाणी (सकाळी ८:४०)
नुसत्या अक्रोडानं गाल खरवडतील, पण पाणी लागून झोंबायचं म्हणजे अजून काहीतरी आहे. कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशींची वीट आणि मध्ये तेलाचा चुना असं समजा, तुम्ही चुनाच घालवलाय. ती भिंत खालनं वर यायला साधारण चार आठवडे घेते आणि तुम्ही ती रोज पाडताय. खरं सांगा, ॲसिडचं काही आहे का घरात? ग्लायकोलिक, सॅलिसिलिक, ते लाल पाण्यासारखं येतंय ते?

दुसरं_गेट (सकाळी ९:१०)
ते लाल आहे. पण ते आठवड्यातनं तीनदाच.

खानापूर_लोकल (सकाळी ९:१६)
तीनदाच म्हणे!! गे बाई, ते दहा मिनिटांवर ठेवू नये आणि आठवड्यातनं फार तर एक-दोनदा असं बाटलीवरच असतंय. तू किती वेळ ठेवतीस?

दुसरं_गेट (सकाळी ९:२०)
मोबाइल बघत बसलो की वीस-पंचवीस मिनिटं होतात कधी कधी. जळलं की काम करूलालंय असं वाटायचं.

वडगाव_माग (सकाळी ९:३५)
मला वाटतं तुमच्या पाण्याचा प्रॉब्लेम आहे. आम्ही बोअरच्या पाण्यावर होतो तोवर घरात सगळ्यांची कातडी खरखरीत, बादलीत पांढरा थर बसायचा, साबणाला फेस नाही. टाकीचं पाणी आल्यावर आपोआप बरं झालं. आधी पाणी तपासून घ्या, बाकी सगळं नंतर.

दुसरं_गेट (सकाळी ९:४१)
आमच्यात नळाचं येतंय, राकसकोप धरणाचं.

वडगाव_माग (सकाळी ९:४४)
येतंय का? कुठल्या दिवशी? आमच्या गल्लीत तर बायका मोटर लावून पहाटे उठतात, तरी दुसऱ्या मजल्यावर चढत नाही, एवढा पाऊस पडूनबी

अथणीकर (सकाळी ९:५०)
पाऊस तुमच्याकडं. आमच्याकडं या, मग पाण्याचं बोलू.

संचालक (सकाळी १०:००)
पाण्यासाठी वेगळा धागा आहे. इथं विषयाला धरून लिहा.

सांगली_हळद (सकाळी १०:३०)
कोरफड! कुंडीतली पात तोडा, गर काढा, दिवसातून तीन वेळा. मला उन्हानं भाजलं होतं तेव्हा एका रात्रीत गेलं. नाहीतर गुलाबपाणी आणि चंदन.

औषधवाला_निपाणी (सकाळी १०:५२)
कुंडीतल्या पातीतनं पिवळा चीक येतो, तो धुऊन काढला नाही तर चांगल्या कातडीलाबी खाज सुटते. गुलाबपाण्यात वास घातलेला असतो. आत्ता जे काय सुगंधी आहे ते सगळं बंद.

ताई, लिहून घ्या. स्क्रब बंद, लाल पाणी बंद, व्हिटॅमिन सी असेल तर बंद. फेसवॉशसुद्धा दोन-तीन दिवस सकाळी नको, नुसतं गार पाणी, रात्री बिनवासाचा सौम्य क्लीन्झर. गरम पाणी आणि वाफ अजिबात नाही. टॉवेलनं टिपायचं, पुसायचं नाही. तोंड ओलसर असतानाच साधं, सेरामाइड किंवा ग्लिसरीन असलेलं बिनवासाचं क्रीम आणि त्याच्यावर पातळ हातानं साधी पेट्रोलियम जेली, वास नि रंग नसलेली. फार आग झाली तर गार पाण्यात सुती कापड भिजवून पिळून पाच-दहा मिनिटं ठेवायचं. बर्फ थेट लावू नका. दिवसा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, तेही झोंबलं तर ओढणी. एवढंच. यात आठवं-नववं काही घालू नका.

खानापूर_लोकल (सकाळी ११:०४)
जेलीपेक्षा भिरंडेल घ्या. कोकमाच्या बियांचं, गोळ्याच्या रूपात मिळतंय, हातावर घासलं की विरघळतं. आमच्यात भेगा पडल्या, ओठ फुटले की तेच. माझी आजी दुसरं काय लावलीच नाही जन्मात.

औषधवाला_निपाणी (सकाळी ११:१०)
टाचेला लावा की. मीबी विकतो. पण हिला मुरुमं असतील तर सोललेल्या गालावर नवीन प्रयोग कशाला? आणि घरगुती गोळ्यात काय काय मिसळलंय ते कोण बघितलंय?

खानापूर_लोकल (सकाळी ११:१३)
आमच्या घरचं आहे, मिसळायला कोण येतंय. तुमच्या ट्यूबमध्ये काय आहे ते तरी तुम्हाला माहीत आहे का?

औषधवाला_निपाणी (सकाळी ११:१५)
माझ्या ट्यूबवर लिहिलेलं असतं.

दुसरं_गेट (दुपारी १:२०)
भांडू नका ओ. ट्यूबवरनं आठवलं, शनिवारी मेडिकलमध्ये तोंड दाखवलो तर त्यानं एक पांढरी ट्यूब दिली, दोन रात्री लावलो. ती लावली की सकाळी बरं वाटतंय. ती चालू ठेवू का? आणि मुरुमाचं जेल आहे डॉक्टरनं दिलेलं, अ‍ॅडापलीन, ते रोज लावतोय, ते बंद करायचं नाही ना? ते तर औषध आहे.

खानापूर_लोकल (दुपारी १:२४)
अगे देवा. हे आधी का सांगितली नाहीस?

दुसरं_गेट (दुपारी १:२५)
कोणी विचारलं नाही.

खानापूर_लोकल (दुपारी १:२६)
पहिल्याच मेसेजमध्ये विचारलो होतो, रात्री काय लावता म्हणून!

औषधवाला_निपाणी (दुपारी १:४८)
ट्यूबवरचं नाव वाचा. शेवटी 'सोन' किंवा 'सोल' असलेलं काही आहे का, बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल?

दुसरं_गेट (दुपारी १:५५)
बेटामेथासोन, निओमायसिन, आणि क्लोट्रिमॅझोल.

औषधवाला_निपाणी (दुपारी २:०५)
स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध, तिन्ही एकत्र. तुम्हाला बुरशीबी नाही नि जंतूबी नाहीत. तोंडाला बरं वाटतंय ते स्टेरॉइडनं लाली दाबली म्हणून. महिनाभर लावत बसलात तर कातडं पातळ होतंय, बारीक लाल शिरा दिसतात, मुरुमं येतात, आणि सोडलं की दुप्पट भडकतंय. अशी स्टेरॉइडची क्रीमं २०१८ पासनं शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. आमच्याच धंद्यातले देतात, काय बोलायचं. दोन रात्रीच झाल्यात तर आज बंद करा, काही होत नाही.

अ‍ॅडापलीनसुद्धा थांबवा. औषध आहे, पण तेबी कातडं सोलवतंच. डॉक्टरनं किती सांगितलं होतं?

दुसरं_गेट (दुपारी २:१२)
एका आड एक रात्री, मटाराच्या दाण्याएवढं. मी रोज लावलो, जरा जास्त. लग्नाआधी डाग जावेत म्हणून.

अनगोळची_काकू (दुपारी २:३०)
कुणाचं लग्न गे, बहिणीचं?

दुसरं_गेट (दुपारी २:३१)
माझंच.

अनगोळची_काकू (दुपारी २:३३)
अगोबाई! आणि हे आता सांगूलालीस. मुलगा कुठला?

दुसरं_गेट (दुपारी २:३५)
गडहिंग्लजचा. काकू ते सोडा, बुधवारी पार्लरमध्ये फेशियल, ब्लीच आणि थ्रेडिंग बुक आहे, ॲडव्हान्स भरलोय, ते करू दे ना? ब्लीचनं लाली झाकेल असं ती म्हणूलालीय.

खानापूर_लोकल (दुपारी २:३७)
नाही नाही नाही.

औषधवाला_निपाणी (दुपारी २:४०)
ब्लीचमध्ये अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. हे सोललेल्या गालावर? फेशियल म्हणजे परत स्क्रब, परत वाफ. थ्रेडिंगला कातडं ओढलं जातंय, अ‍ॅडापलीनवर असताना तर सालटीच निघतात. सगळं रद्द करा.

पुणेरी_पंखा (दुपारी २:५५)
ॲडव्हान्स परत मिळत नसेल तर त्याच पैशात केस आणि पेडिक्युअर करून घ्या. माझ्या बायकोनं तसंच केलं होतं. (बघा, या वेळी दाढीचं बोललो नाही.)

सांगली_हळद (दुपारी ३:१०)
पण हळदीचं काय करणार? मूठभर तोंडाला फासतात, वर मित्रमैत्रिणी चोळतात. हळद तर अँटिसेप्टिक असते, उलट फायदाच होईल.

औषधवाला_निपाणी (दुपारी ३:२२)
उघड्या कातडीला हळद झोंबते, वर पिवळे पोपडे दिसतील ते वेगळेच. बाजारातल्या पुडीत रंग कुठला घातलाय ते देव जाणे. तोंडाला नको.

अनगोळची_काकू (दुपारी ३:४०)
हे मात्र बरोबर. आणि फासायचं हे सगळं आताचं, फोटोसाठी. आमच्यात आंब्याची पानं बुडवून पायाला, गुडघ्याला, खांद्याला लावायची आणि कपाळाला टेकवायची, झालं. तुझ्या आईला सांग पानंच वापरायची, तोंडाला हात लावायचा नाही. करवल्यांना आधीच दम भर. आणि वर कपाळाला जेली लावून ठेव, म्हणजे हळद आत शिरणार नाही. हे तरी पटलं का औषधवाले?

औषधवाला_निपाणी (दुपारी ३:४४)
पटलं. काकू, हे आधी सांगायचं सोडून तुम्ही लिंबू काढलात.

अथणीकर (सायंकाळी ५:१५)
एक विचारू, मेन्यू काय आहे? मांडे आहेत का?

संचालक (सायंकाळी ५:२०)
अथणीकर.

खानापूर_लोकल (बुधवार, सकाळी ८:००)
काय झालं गे? पिवळी खपली, डोळ्याला सूज, ताप, यातलं काही असेल तर लग्न असो का काही असो, त्याच दिवशी दाखवायचं.

दुसरं_गेट (बुधवार, सकाळी ११:३०)
तसं काही नाही. सोमवारी रात्रीपासनं फक्त पाणी, क्रीम आणि जेली. मंगळवारी स्टेरॉइड सोडल्यामुळं लाल जास्त दिसलं, घाबरलो, हात ट्यूबवर गेला होता, आईनं काढून घेतली. आज पाणी झोंबत नाही. पोपडे आहेत, ओढून काढू वाटतात. पार्लरवाली ॲडव्हान्स परत देत नाही म्हणे, मेंदी आणि केस करून देते म्हणाली. भुवया आईनं चिमट्यानं दोन-चार केस काढून दिल्या.

औषधवाला_निपाणी (सकाळी ११:४०)
पोपडे ओढू नका. उद्या मेकअप करायचाच असेल तर क्रीम लावून अर्धा तास थांबा, मग पातळ. पुसताना वाइप्स नकोत.

दुसरं_गेट (पुढचा मंगळवार, रात्री १०:१५)
झालं लग्न. हळद पानानंच लावली, एक मावस करवली तोंडाकडं आलीच होती, आजीनं हातावर मारली तिच्या. फोटोत गाल लाल आहेत, सगळ्यांना वाटलं लाजूलालीय. आता गडहिंग्लजला आहे, सोलणं थांबलंय, लाली सकाळी कमी, ऊन लागलं की जास्त. अ‍ॅडापलीन परत कधी सुरू करू? दाढीवर दोन मुरुमं आल्यात.

पुणेरी_पंखा (रात्री १०:२०)
'दाढीवर'??

दुसरं_गेट (रात्री १०:२१)
हनुवटीवर ओ.

औषधवाला_निपाणी (रात्री १०:४५)
अजून दोन-तीन आठवडे तरी नाही. आणि सुरू करताना ज्या डॉक्टरनं दिलंय त्यांना लाल पाण्यासकट सगळं सांगा, इथं सांगितलात तसं हप्त्याहप्त्यानं नको.

अथणीकर (रात्री ११:०२)
मांड्यांचं राहिलंच.

दुसरं_गेट (रात्री ११:०५)
होते की. तुम्हाला पत्रिका पाठवायला नाव तरी कुठं माहीत होतं.